हालिनाबाईंचा राहिलेला उत्तररंग

"कीर्तनासारखंच समजा, म्हणजे काही चुकणार नाही," एवढं बोलून भाऊसो वकील सकाळी साताऱ्याच्या मोटारीत चढले, आणि सगळं चुकायला तिथूनच सुरुवात झाली.

तसा वकिलांचा दोष नव्हता. साताऱ्याच्या कोर्टात दावा निघाला होता, जाणं भाग होतं. दुपारच्या मोटारीनं परत येतो म्हणाले होते. पण साल पंचेचाळीसचं, दिवस लढाईचे. पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी पाठीला शेगडी बांधून कोळशाच्या धुरावर चालत, आणि परतीची मोटार नेमकी कऱ्हाडच्या अलीकडं चढावर दम टाकून बसली. इकडं सांगलीत वकिलांच्या बंगल्यावर चार वाजता हालिनाबाईंचं पियानोवादन होतं. त्याची सगळी व्यवस्था ज्यांच्या गळ्यात पडली होती, त्या हवालदार नानासोंनी जन्मात पियानो पाहिला नव्हता.

कीर्तनं मात्र पोटभर पाहिली होती. नानासो पलूसकडचे. पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले, आता ऊस लावून सुखानं बसलेले. पंचक्रोशीत कुठंही बुवा उभे राहोत, पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावायचा आणि हार घालायचा मान नानासोंचा, हे ठरलेलं. बुक्क्याची पितळी डबी त्यांच्या कोपरीच्या खिशात बारा महिने असे. वकिलांचं शेत त्यांच्या शेजारी. "ऐकायला चार माणसं जमवा," असं वकील म्हणाले म्हणून त्यांनी चार बैलगाड्या भरून भजनी मंडळ आणलं होतं. चाळीस माणसं.

हालिनाबाई पोलंड देशाच्या. लढाईनं त्या देशातली माणसं घरंदारं सोडून वाट फुटेल तिकडं फेकली गेली होती. त्यांतली काही फिरत फिरत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली होती, त्यांत या बाई. साताऱ्याहून विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाचा मोठा पियानो वकिलांनी लिलावात घेतला होता. घरात तो कुणालाच वाजवता येत नव्हता. बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, लॉरी मिळाली तर ठीक, नाहीतर मी चालत येईन.

दुपारी नानासोंनी दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि पियानोचं झाकण उचलून आत पाहिलं. आत तारा. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तारा.

"अगं, ही तर वीणाच हाय!" ते बायकोला, शालूबाईंना, म्हणाले. "आडवी निजवलीय, येवढंच."

"मग पूजा नगं व्हय करायला?"

प्रश्न बरोबर होता. वीणेची पूजा केल्याशिवाय कीर्तन उभं राहत नाही. नानासोंनी पियानोच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि तारांवर चार अक्षता टाकल्या. चार त्यांनी टाकल्या, पण मागं चाळीस माणसं हात जोडून उभी होती. देवाच्या वस्तूवर एकानं अक्षता टाकायच्या आणि बाकीच्यांनी बघत राहायचं, असं कुठं असतं? शालूबाईंनी ताट फिरवलं. बघता बघता वीणेच्या पोटात शेरभर तांदूळ गेला.

वकिलांनी लिहून ठेवलेला कागद नानासोंनी वाचला. 'एकल वादन' असं वर लिहिलं होतं. खाली तीन ओळी. पहिलं, एका जर्मन उस्तादाचं, मोठं. दुसरं, लहान लहान तुकडे. तिसरं, बाईंच्याच देशातल्या एका माणसाचं, जो तरुणपणी देशाबाहेर पडला आणि पुन्हा कधी घरी गेला नाही.

"गुंडा," नानासोंनी मंडळाच्या पखवाजवाल्याला हाक मारली. "बाई एकलीच हाय रं. ना टाळकरी, ना मृदंग्या."

"आरारा! लढाईत गेलं असत्याल बिचारं समदं."

"मग आपुन काय मेलोय? पखवाज आन."

"आवं, पर त्यांचं ठेकं मला कुठं येत्यात?"

"वाजवायचं न्हाई. हात सुदिक लावायचा न्हाई. म्हागं निस्तं बसायचं. एकलीला एकलं वाटाय नगं."

चार वाजता छावणीची लॉरी आली. हालिनाबाई उतरल्या. पन्नाशीच्या, काटक, केस पांढरे, हातात एक जुनी पर्स. उंबऱ्याशी चाळीस जोड वहाणा पाहून त्यांनी न सांगता आपले बूट काढले. तिथंच त्यांनी नानासोंना जिंकलं. पियानोवरची माळ आणि कुंकू पाहून त्या हसल्या, हात जोडले, आणि उजवीकडची एक बारीक सुराची पट्टी बोटानं दाबली. टिंग, असा आवाज झाला. बाई डोळे मिटून तो विरेपर्यंत ऐकत राहिल्या.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. कोल्हापूरच्या बाजारात शिकलेलं त्यांचं मराठी, मोजकं, भाजी निवडल्यासारखं. "सहा वर्षं पियानो नाही."

मग त्यांनी कागदावरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे माझा भाऊ वाजवायचा. लढाईत... भाऊ नाही. आज हे भावासाठी. म्हणून आले."

नानासोंचा धाकटा भाऊ जोतिबा बसऱ्याच्या वाळूत राहिला होता. घरी आली ती एक तार. त्याच्या नावानं काही म्हणायचं, वाजवायचं, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

"बाई," छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "तिसरं सुरू झालं की हितं पाखरू फडफडनार न्हाई. माझा शबूद."

आणि नानासो शब्दाचे पक्के होते. तेच तर पुढं नडलं.

पहिलं सुरू झालं. नानासोंना वाटलं होतं, शब्द नाहीत तर कळणार काय? पण दोन घटकांत ते मांडी सावरून बसले. बाईंनी एक लहानशी गोष्ट सरळ सांगितली, मग तीच उलटून सांगितली, मग खालच्या आवाजात विचारली, मग रागानं, मग समजुतीनं. बुवा एका चरणाचं निरूपण दहा अंगांनी करतात, अगदी तसं. फक्त डावीकडच्या जाड सुरांच्या पट्ट्या दाबल्या की पियानोच्या पोटातून झणझण असा आवाज उठे.

"हवालदार," गुंडा कानात कुजबुजला, "टाळ आतच बशीवल्यात की!"

"गप. इलायती बांधणी हाय."

बाईंनी एकदा मान वाकडी करून आत डोकावलं. तारांवर नाचणारे तांदूळ त्यांना दिसले असावेत. क्षणभर भुवया वर गेल्या, मग त्या वाजवतच राहिल्या. दुसऱ्याचे लहान तुकडे तर मंडळाला फारच मानवले. हे दृष्टांत, हे सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं. एक घोड्याच्या दौडीचा, एक भांडणाचा. एका तुकड्याला बायकांच्या बाजूनं माना डोलू लागल्या आणि शालूबाई पुटपुटल्या, "ही पाळन्याची चाल हाय, दुसरं काय न्हाई." गुंडा पखवाजावर दोन्ही हात ठेवून, दात आवळून बसला होता. तासभर त्यानं एक बोट हलवलं नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

दुसरं संपलं. बाईंनी हात मांडीवर घेतले, मान खाली घातली, डोळे मिटले. एक नाही, दोन नाही. शांतता.

नानासोंनी ही शांतता चाळीस वर्षं ओळखली होती. पूर्वरंग संपला की बुवा अस्सेच उभे राहतात, डोळे मिटून, मान लववून. ते कशाची वाट बघत असतात, हे काय सांगायला हवं? हार पडल्याशिवाय, बुक्का लागल्याशिवाय, मंडळींनी नाम घेतल्याशिवाय उत्तररंग उभा राहत नाही. आणि हा उत्तररंग तर भावासाठीचा! त्याला मान कमी पडला तर जोतिबाला काय वाटेल?

ते उठले. बाईंच्या गळ्यात हार घातला. बाई दचकल्या. दचकल्यामुळं नानासोंचा हात हलला आणि डबीतला अर्धा बुक्का पियानोच्या पट्ट्यांवर सांडला, फटींत गेला. उरलेल्यातला त्यांनी बाईंच्या कपाळी लावला, आणि खड्या आवाजात नाम उचललं, "विठ्ठल, विठ्ठल!"

चाळीस गळ्यांनी ते झेललं. आणि गुंडाचा तासभर कोंडलेला हात पखवाजावर पडला.

आता भजनाची गत ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. नाम एकदा चढलं की ते उतरवणं माणसाच्या हातात राहत नाही. टाळ कुणी आणले नव्हते असं नानासोंना वाटत होतं. ते चार जणांच्या पिशव्यांतून निघाले. बाई आधी बावरल्या, मग बघत राहिल्या. मग त्यांनी पट्ट्यांवर बोटं ठेवली. त्या तिसरं सुरू करायला बघत होत्या, की त्यांनाही त्या ठेक्यानं ओढलं, ते कोण सांगणार? पण पियानोतून एक भरघोस सूर निघाला आणि मंडळी आणखीच पेटली.

"बाई साथ दितीया! आरं, बाई साथ दितीया!"

बाई हसल्या. पायांत बूट नाहीत, कपाळाला बुक्का, गळ्यात झेंडू, आणि दोन्ही हातांनी त्या विठ्ठलाला साथ करू लागल्या. पोटातले तांदूळही नाचत होते. आयुष्यात एवढा रंगलेला नामघोष नानासोंनी ऐकला नव्हता. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पाऊण तास गेला, कुणाला पत्ता नाही.

बाहेर लॉरीचा भोंगा वाजला. छावणीत दिवेलागणीला परतायचा नियम होता.

नानासोंनी दोन्ही हात वर करून पलटणीला थांबवावं तसं मंडळाला थांबवलं. दिवाणखाना चिडीचूप झाला.

"आता उत्तररंग, बाई," ते धापा टाकत म्हणाले. "आता कुनी हू का चू करनार न्हाई."

हालिनाबाईंनी दाराकडं पाहिलं. भोंगा पुन्हा वाजला. त्या उठल्या, पर्स घेतली. कागदावरच्या तिसऱ्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं, अगदी हळू, लहान मुलाच्या केसांवरून फिरवावं तसं.

"तीन राहिलं," त्या म्हणाल्या. नानासोंचा चेहरा पाहून घाईनं पुढं म्हणाल्या, "छान. खूप छान," आणि बूट हातात घेऊनच लॉरीकडं गेल्या.

मंडळी खुशीत खिरापत वाटून घेत होती. नानासो हातात रिकामी डबी घेऊन उभेच होते.

"बुक्का लावायची लय घाई तुमास्नी," शालूबाई म्हणाल्या. मग त्यांचं तोंड पाहून त्यांनी पुढचं गिळलं.

वकील आले तेव्हा दिवे लागले होते. कोळशानं त्यांचं तोंड माखलं होतं, फक्त डोळे पांढरे दिसत होते. नानासोंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वकील मटकन पियानोसमोरच्या बैठकीवर बसले.

"नानासो, ती मधली शांतता तिची स्वतःची होती हो. भावासाठी मन गोळा करत होती ती."

"आमच्यात तितं हार घालत्यात."

"ठाऊक आहे."

"घातला न्हाई तर बुवा पुढं जात न्हाईत."

"ठाऊक आहे. मीच म्हणालो ना, कीर्तनासारखं समजा." वकिलांनी रुमालानं तोंड पुसलं. काळं फक्त पसरलं. "तुमचं काही चुकलं नाही, नानासो. पण तिचं राहिलं."

हे 'पण' नानासोंच्या मानगुटीवर बसलं. पुढच्या एकादशीच्या कीर्तनात पूर्वरंग संपला, बुवांनी डोळे मिटले, आणि नानासो जागचे हलेनात. न जाणो, बुवा कुणासाठी मन गोळा करत असले तर? बुवांनी एक डोळा उघडला. दुसरा उघडला. शेवटी म्हणाले, "हवालदार, हार आज पोस्टानं यायचाय काय?" सगळा मंडप हसला. नानासोंनी घरी येऊन बुक्क्याची डबी देव्हाऱ्यात ठेवली आणि तो मान दुसऱ्याला देऊन टाकला.

वकिलांच्या मागं मात्र त्यांनी लकडा लावला. बाईंना एकवार आणा, तेवढं तिसरं वाजवू द्या. छावणीची परवानगी मिळेतो कृष्णामाईला पूर आला. पूर ओसरला तर वकील तापानं पडले. शेवटी दिवाळीनंतरचा दिवस ठरला आणि पियानो पुसून घ्यावा म्हणून वकिलांनी झाकण उचललं. आतून एक उंदीर अदबीनं बाहेर आला. त्याच्यामागं त्याचं कुटुंब.

शेरभर तांदूळ त्यांना आठ महिने पुरला होता. तो संपल्यावर त्यांनी तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांची मऊ लोकरी बनात कुरतडायला घेतली होती. पुण्याहून एक जाणकार येऊन बघून गेला. म्हणाला, ही बनात विलायतेहून येते, आणि विलायतेहून आता साहेबसुद्धा यायचा राहिलाय. ठरलेला दिवस राहूनच गेला.

"त्या अक्षता मीच टाकल्या," नानासो म्हणाले.

"चार," शालूबाई म्हणाल्या. "बाकीच्या आमी." तेवढाच त्यांना आधार देता आला.

सत्तेचाळीस साल उजाडलं. छावणीतली माणसं निघायला लागली, कुणी कुठं, कुणी कुठं. एका गुरुवारी वकिलांचा निरोप आला: हालिनाबाई निरोप घ्यायला येताहेत, तासभर. नानासो आणि शालूबाई पहाटेच्या गाडीनं सांगलीला आले. या खेपेला मंडळ नाही, पखवाज नाही, हार नाही. नानासोंनी दिवाणखान्यातल्या घड्याळाचा लंबक थांबवला. गोठ्यातली गाय शेजाऱ्यांकडं नेऊन बांधली. शालूबाईंनी हातातल्या बांगड्या पदरात घट्ट गुंडाळून धरल्या.

वकिलांनी बाईंना उंदरांचं सांगितलं. बाईंनी बूट काढले, पट्ट्यांवरून एक हात फिरवला. काही पट्ट्या बोलल्या, काही नुसत्या ठक ठक वाजल्या.

"अर्धा आहे," त्या म्हणाल्या. "अर्धा वाजवते."

आणि त्यांनी तिसरं वाजवलं.

ते कसं होतं, हे नानासोंना पुढं कुणालाच सांगता आलं नाही. चार सूर यायचे, मग खळगा. मग दोन सूर, मग नुसती लाकडाची ठकठक. पण जी पट्टी वाजत नव्हती तीही बाई तितक्याच निगुतीनं दाबत होत्या, तिथं जणू भावाला ऐकू येत होतं. नानासो भिंतीशी ताठ उभे होते. श्वाससुद्धा मोजून घेत होते. मध्येच शांतता यायची. ह्यातली बाईंची शांतता कुठली आणि उंदरांची कुठली, काही केल्या त्यांना कळेना. एकदा डावीकडून खोल, भरलेला एक सूर आला, एकटाच, आणि का कोण जाणे त्यांना बोटीच्या कठड्याला टेकून उभा असलेला जोतिबा दिसला. फेटा वाऱ्यावर सुटलेला.

मग परत शांतता. बाईंचे हात मांडीवर, मान खाली, डोळे मिटलेले.

नानासो हलले नाहीत. वकील हलले नाहीत. शालूबाईंनी बांगड्या आणखी आवळल्या. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी बाईंनी डोळे उघडून मागं पाहिलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

कुणी हललं नाही. वकिलांनी नानासोंकडं पाहिलं, नानासोंनी जमिनीकडं. या खेपेला चूक करायची नाही, हे त्यांनी देवासमोर ठरवलं होतं.

तेव्हा हालिनाबाई बैठकीवर वळून बसल्या, मान पुढं लवली, आणि कपाळावर बोट टेकवून त्यांनी विचारलं, "काळं? आज नाही?"

नानासोंचा हात खिशाकडं गेला. खिसा रिकामा. चाळीस वर्षं जी डबी खिशात होती, ती आज, नेमकी आज, पलूसला देव्हाऱ्यात होती. ते तसेच उभे राहिले, हात खिशात. बाई कपाळ पुढं करून थांबल्या होत्या.

मग नानासो पुढं झाले. पियानोच्या कडेच्या पट्टीशेजारच्या फटीत त्यांनी बोट खुपसलं, फिरवलं. बोट काळं होऊन आलं. त्या दिवशी सांडलेला बुक्का होता, की उंदरांनी केलेला भुगा, हे त्यांनी निरखून पाहिलं नाही. त्यांनी तो बाईंच्या कपाळी लावला आणि वाकून हात जोडले. शालूबाईंच्या हातून पदर सुटला. इतका वेळ कोंडलेल्या बांगड्या एकदम किणकिणल्या.

बाहेर लॉरीचा भोंगा वाजला. या खेपेला मात्र काही राहिलं नव्हतं. बाईंनी सगळं वाजवलं होतं. जेवढं उंदरांनी ठेवलं होतं, तेवढं.